‘पाठवाल्या बाई’ आणि आपलीं मुलें

गेल्या पावसाळी सत्रांत आपल्या प्राथमिक विभागांतील कांहीं पालकांनीं मुख्याध्यापिकाबाईंकडे एक लेखी अर्ज दिला. अर्जाचा आशय असा कीं, अध्यापक विद्यालयाच्या ज्या छात्राध्यापिका सरावपाठांसाठीं शाळेंत येतात, त्यांस यापुढें तिसरी-चौथीच्या वर्गांवर पाठवूं नये. शिकणारांनीं कोठेंही शिकावें, पण आमच्या मुलांवर शिकूं नये. अर्जाची भाषा सभ्य होती, आणि सह्या करणारांत मीं स्वतः शिकविलेले दोन-तीन माजी विद्यार्थीही होते. शाळासमिती या अर्जाचा विचार येत्या एप्रिल महिन्यांत करणार आहे. तत्पूर्वीं या वार्षिकांकाच्या पानांतून पालकांशीं, आणि मुलांशींही, चार शब्द बोलावेत म्हणून हा लेख लिहीत आहें. माझें मत प्रथमच सांगून टाकतों: हा अर्ज मान्य होऊं नये. अर्जांतील तक्रार मात्र पुष्कळ अंशीं खरी आहे, आणि ती खरी असूनही अर्ज मान्य कां होऊं नये, हेंच मला सांगावयाचें आहे.

सरावपाठ म्हणजे काय, हें पालकांपैकीं बऱ्याच जणांस ठाऊक असेल. तरी थोडक्यांत सांगतों. प्राथमिक शिक्षक होऊं इच्छिणारीं तरुण मुलें-मुली बारावीनंतर दोन वर्षें अध्यापक विद्यालयांत शिकतात. त्या दोन वर्षांपैकीं वीस आठवडे प्रत्यक्ष शाळेंत घालवावेत, असें राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेनें २०१४ च्या नियमांनीं ठरविलें. त्यांतील सहा आठवडे आपल्या शाळेच्या वांट्यास येतात. येणाऱ्या मुली बहुधा एकोणीस-वीस वर्षांच्या असतात. पिशवींत रंगीत खडू, काखेंत गुंडाळलेले तक्ते आणि हातांत टाचणांची जाडजूड वही. मुलें त्यांना ‘पाठवाल्या बाई’ म्हणतात. नेहमींच्या बाईंहून त्या वेगळ्या, हें ओळखण्यास मुलांस एक मिनिटही लागत नाहीं. पाठवाल्या बाई वर्गांत शिरतांना आधीं फळ्याकडे पाहतात. नेहमींच्या बाई आधीं मुलांकडे पाहतात.

टाचणांच्या वह्या विद्यालयाचे प्राध्यापक तपासतात. आपल्या शाळेनें त्यांवर आणखी एक लहानसें काम लादलें आहे. दर शनिवारीं प्रत्येकीनें एक पानभर टिपण लिहावयाचें, आणि त्यांत आपण काय शिकविलें तें न लिहितां मुलांत काय दिसलें तेवढेंच लिहावयाचें. हीं टिपणें वाचण्याचें काम गेलीं कांहीं वर्षें माझ्याकडे आहे. प्रारंभीं बहुतेकींच्या टिपणांत ‘वर्गांतील मुलें हुशार व शिस्तप्रिय आहेत’ एवढेंच असतें, आणि तें वाचून मला झोंप येते. यंदा जुलै-ऑगस्ट महिन्यांत तिसरीच्या वर्गावर आलेल्या एका छात्राध्यापिकेचीं सहा टिपणें मात्र अर्जदार पालकांनीं वाचावींत असें वाटलें. तिच्या अनुमतीनें, पण तिचें नांव न देतां, त्यांतील मजकूर येथें सांगतों.

पहिल्या आठवड्यांत छात्राध्यापिकेनें शिकवावयाचें नसतें. मागील बांकावर बसून केवळ पाहावयाचें असतें. हा आठवडा बहुतेकींस कंटाळवाणा वाटतो. या मुलीनें वहीच्या एका पानावर वर्गाच्या बैठकीचा नकाशा काढला. प्रत्येक मुलाचा एक चौकोन, आणि जें मूल तासांत कांहीं बोलेल त्याच्या चौकोनांत एक ठिपका. सोमवारपासून शुक्रवारपर्यंत हें काम चाललें. शुक्रवारीं पाहते तों पुढील दोन रांगा आणि दाराजवळची बाजू ठिपक्यांनीं काळी झालेली, खिडकीकडील बाजू विरळ, आणि मधल्या एका चौकोनांत पांच दिवसांत एकही ठिपका नाहीं. तो चौकोन एका मुलीचा होता. शनिवारच्या टिपणांत तिनें लिहिलें होतें कीं, ही मुलगी मुकी नाहीं आणि मंदही नाहीं. मधल्या सुटींत सागरगोटे खेळतांना सर्वांत मोठा आवाज तिचाच असतो.

मग वर्गांत तिला काय होतें? याचें उत्तर दुसऱ्या आठवड्यांत मिळालें, आणि तें शेजारच्या मुलीनें दिलें. आपल्या नगर शहरांत, सोलापुरांत आहेत त्याचप्रमाणें, पद्मशाली विणकरांचीं कुटुंबें पिढ्यान्‌पिढ्या राहत आलीं आहेत. त्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं अद्यापि तेलुगू बोलतात. मराठींत आपण निर्जीव वस्तूंसही तो, ती, तें असे तीन भेद लावतों. तेलुगूंत वस्तूंना असा भेद नाहीं. ही मुलगी दुसरींत असतांना एकदां ‘माझी दप्तर’ असें म्हणाली, आणि सगळा वर्ग हंसला. त्या दिवसापासून ती वर्गांत बोलेनाशी झाली. सागरगोट्यांच्या डावांत ती तसेंच बोले. पण डावाच्या घाईंत तेथें हंसावयास कोणास सवड नसे.

पुढें जें झालें तें टाचणांत लिहिलेलें नव्हतें. छात्राध्यापिकेनें मराठीच्या तासाला फळ्यावर तीन शब्द लिहिले: चमचा, पळी, ताट. चमचा तो, पळी ती, ताट तें, हें सर्वांनीं एका सुरांत सांगितलें. मग तिनें विचारलें, ‘चमचा तो कां?’ एक मुलगा म्हणाला, ‘मोठा असतो म्हणून.’ ‘पळी तर चमच्याहून मोठी असते कीं!’ असें दुसरीनें लगेच सांगितलें. ताटाविषयीं कोणी बोलेचना. शेवटीं एकानें तो प्रश्न बाईंनाच विचारला, तेव्हां ‘मलाही ठाऊक नाहीं’ असें बाईंनीं सांगून टाकलें. मराठी ज्याची मायबोली आहे त्यास हा भेद ऐकून ऐकून येतो. चमच्यानें पुल्लिंग कां धारण केलें, असें विचारलें तर व्याकरणाचा पंडितही डोकें खाजवील. नंतर तिनें त्या मुलीला विचारलें, ‘तुमच्या घरीं माझें पुस्तक याला काय म्हणतात?’ मुलगी बराच वेळ खालीं पाहत राहिली. मग म्हणाली, ‘ना पुस्तकम्.’ आणि माझी पाटी? ‘ना पलक.’ पुस्तक असो कीं पाटी असो, ‘ना’ तो ‘ना’च. ‘बाई, हें तर किती सोपें आहे!’ असें कोणीतरी मागून ओरडलें. त्या शनिवारच्या टिपणाच्या तळाशीं बैठकीचा नकाशा पुन्हां काढलेला होता, आणि त्या चौकोनांत चार ठिपके होते.

वर्षभर शिकविणाऱ्या वर्गशिक्षिकेस जें दिसलें नाहीं तें दोन आठवड्यांच्या नवशिक्या मुलीस दिसलें, यांत वर्गशिक्षिकेची निंदा नाहीं. अठ्ठेचाळीस मुलांच्या वर्गांत एकटी उभी राहणारी शिक्षिका वर आलेल्या हातांकडेच पाहणार; धडा पुढें न्यावयाचा असतो. शुभवर्तमानांतील मेंढपाळ हरवलेल्या एका मेंढरासाठीं नव्याण्णव मेंढरें रानांत सोडून जातो. दृष्टांत म्हणून तें ठीक आहे. पण वर्गशिक्षिकेनें तसें केलें तर उरलेलीं सत्तेचाळीस मेंढरें शेजारच्या वर्गांत शिरतील. ज्या आठवड्यांत छात्राध्यापिका वर्गांत असते त्या आठवड्यांत त्या कळपाला दोन मेंढपाळ असतात. पालकांनीं अर्ज करतांना ही गोष्ट हिशेबांत धरलेली दिसत नाहीं.

तिसऱ्या आठवड्याचें टिपण वजाबाकीचें आहे, आणि गणित शिकविणारानें जपून ठेवावें असें आहे. बावन्नांतून सत्तावीस वजा करा, असें सांगितल्यावर बऱ्याच मुलांनीं उत्तर लिहिलें ३५. छात्राध्यापिकेनें लाल शाईनें फुल्या मारल्या. दुसऱ्या दिवशीं त्रेसष्टांतून अठ्ठावीस वजा करतांना त्याच मुलांनीं लिहिलें ४५. पुन्हां फुल्या. तिसऱ्या दिवशीं तिनें शाई बाजूला ठेविली आणि एका मुलास जवळ बोलावून, ‘तूं हें कसें केलेंस तें मला मोठ्यानें सांग,’ असें म्हटलें. मुलगा म्हणाला, ‘दोनांतून सात जात नाहींत, म्हणून सातांतून दोन काढले. मोठ्यांतून लहान वजा करायचें असतें.’ हें त्यास पूर्वीं कोणीतरी शिकविलेंच होतें, आणि जोंपर्यंत संख्या एकेका अंकाच्या होत्या तोंपर्यंत तें बरोबरही होतें. मुलगा आळशी नव्हता, बेफिकीरही नव्हता. शिकविलेला नियम तो प्रामाणिकपणें, पण नको त्या ठिकाणीं, पाळीत होता. फुलीनें त्यास एवढेंच कळलें असतें कीं आपणांस गणित येत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं ती काड्यापेटींतील काड्या घेऊन आली. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे रबरानें बांधलेले. पांच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या त्या मुलाच्या पुढें ठेवून ती म्हणाली, ‘यांतून मला सत्तावीस दे.’ त्यानें दोन गठ्ठे दिले. मग त्या दोन सुट्या काड्यांकडे तो बघत राहिला, आणि थोड्या वेळानें त्यानें विचारलें, ‘बाई, गठ्ठा सोडूं का?’

हातच्याच्या वजाबाकीचें सगळें मर्म या प्रश्नांत आहे. आपण घरीं मुलांस काय सांगतों? ‘शेजाऱ्याकडून एक उसना घे.’ मूल एक उसना घेतें, आणि बघतें तों त्याचे दहा झालेले! असा शेजारी कोणास मिळतो? मूल बिचारें विचारीत नाहीं. पाठ करून टाकतें. मग पांचवींत भागाकार आला म्हणजे तें अडतें, आणि आपण त्यास शिकवणीला घालतों. मुलानें केलेली चूक कोठून निघाली याचा शोध घेण्यास एक सबंध तास खर्ची घालणें नेहमींच्या शिक्षकास क्वचितच साधतें. नवशिक्या मुलीस तें साधतें, कारण तिच्यावर अभ्यासक्रम पुरा करण्याचा बोजा नसतो.

चौथ्या आठवड्यांत तिनें संख्यांचें श्रुतलेखन घेतलें. ‘एकोणपन्नास’ म्हटलें कीं कित्येक वह्यांत ५९. आपल्या भाषेंत संख्या बोलावयाची एककापासून आणि लिहावयाची दशकापासून. त्यांत ‘एकोण’ म्हणजे एक उणा, हें कोणीं सांगितल्यावांचून मुलास कसें उमजावें? त्याच्या कानावर पन्नास पडतें, तें पांच लिहून मोकळें होतें. २०१९ सालीं बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत ‘वीस एक’, ‘वीस दोन’ या रीतीचीं नांवें आलीं, तेव्हां वर्तमानपत्रांतून आणि विधिमंडळांतही केवढी थट्टा झाली, तें वाचकांस आठवत असेल. थट्टा करणारांपैकीं कितीजणांनीं आठ वर्षांच्या मुलांचें असें श्रुतलेखन घेतलें होतें, याची मला शंका आहे. माझें स्वतःचें मन जुन्या नांवांकडेच ओढतें. एकोणपन्नास हा शब्द कानाला गोड लागतो. पण त्या गोडीपायीं कोणाचीं गणितें चुकतात, तें त्या वह्यांत स्पष्ट दिसत होतें.

पांचव्या आठवड्याचें टिपण चार ओळींचें आहे. पाऊस, सर्दीखोकला, निम्मा वर्ग रिकामा, आणि तिचा स्वतःचा घसा बसलेला.

सहाव्या आठवड्यांत परीक्षेचा पाठ आला, आणि येथें मात्र मी अर्जदार पालकांच्या बाजूस आहें. परीक्षेचा पाठ म्हणजे एक लहानसें नाटकच होऊन बसलें आहे. जर्मन तत्त्वज्ञ हर्बार्ट याच्या अनुयायांनीं एकोणिसाव्या शतकांत पाठाच्या पांच पायऱ्या सांगितल्या. आपल्याकडे ती ‘पंचपदी’ म्हणून रूढ झाली. प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन वगैरे. पद्धति वाईट नाहीं. शिकविणारानें पूर्वज्ञानापासून आरंभ करावा, आज काय शिकावयाचें तें मुलांस सांगावें, शेवटीं शिकलेल्याचा उपयोग करवून घ्यावा, यांत गैर काय आहे? पण पायरी ही चढण्यासाठीं असते, हें विसरून आपण पायऱ्या मोजीत बसलों. या मुलीचा पाठ अपूर्णांकांचा होता. तिनें दोन रात्री जागून सुंदर तक्ता रंगविला होता. प्रस्तावनेचा पहिला प्रश्न असा: ‘आईनें एक भाकरी केली, आणि तुम्ही दोघे भाऊ जेवायला बसलांत, तर—’ वाक्य पुरें होण्यापूर्वींच मागील रांगेतून आवाज आला, ‘अपूर्णांक!’ हाच पाठ आदल्या दिवशीं एकदां घेऊन झाला होता. आलेल्या परीक्षकांनीं दहा मिनिटें बसून ‘प्रस्तावना परिणामकारक, फलकलेखन सुबक’ असा शेरा दिला आणि ते पुढील वर्गाकडे गेले. छात्राध्यापिकेनें आपल्या अखेरच्या टिपणांत तालमीची गोष्ट स्वच्छ लिहिली आहे, आणि खालीं एकच वाक्य जोडलें आहे: ‘सगळ्याच घेतात.’

तें खरें आहे, आणि दोष त्या मुलींचा नाहीं. ज्या पाठावर गुण अवलंबून असतात तो पाठ कोणीही तालीम केल्यावांचून घेणार नाहीं. पण आपल्या शाळेंतील मुलें म्हणजे या नाटकांतील पात्रें नव्हत. काल शिकलेलें आज पुन्हां नव्यानें शिकल्याचें सोंग आणावयास आठ वर्षांच्या मुलांस शिकविणें, हें मला अंकगणितांतील कोणत्याही चुकीपेक्षां अधिक वाईट वाटतें. सहा टिपणांत जें दिसलें त्यांतलें कांहीं एक परीक्षकांच्या शेऱ्यांत उतरलें नाहीं. ना ती मुलगी, ना तो गठ्ठा.

पालकांची दुसरी तक्रार याहून गंभीर आहे. पाठवाल्या बाई आल्या म्हणजे वर्गशिक्षिका वर्गाबाहेर असतात, असें अर्जांत लिहिलें आहे. एका पालकानें तर मला रस्त्यांत थांबवून विचारलें, ‘सर, सुई टोंचायला शिकणारा पोरगा माझ्याच मुलाच्या दंडावर कां शिकवतां?’ प्रश्न सडेतोड आहे. त्याचें उत्तर असें कीं, सुई टोंचणें कोणाच्या तरी दंडावरच शिकावें लागतें, आणि आपणा प्रत्येकास कधीं ना कधीं कोणा नवशिक्याच्या हातून ती टोंचून घ्यावी लागली आहे. परंतु त्या वेळीं शेजारीं जाणता माणूस उभा असावा लागतो. शाळेंत तो जाणता माणूस पुष्कळदां उभा नसतो. शिक्षकांमागें माहित्या भरण्याचें, याद्या करण्याचें काम अखंड लागलेलें आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका एवढ्याच शिक्षणेतर कामांस मोकळीक ठेविली; पण कार्यालयांतील कागद कोणत्या कलमांत बसतात, हें कोणी विचारीत नाहीं. वर्गावर पाठवाल्या बाई आहेत म्हणजे वर्गशिक्षिका मोकळ्या, असा हिशेब होतो, आणि दोन मेंढपाळांऐवजीं पुन्हां एकच उरतो, तोही नवखा. ही गोष्ट शाळेनें थांबविली पाहिजे.

मात्र याचा उपाय त्या मुलींस फाटकावरून परत पाठविणें हा नव्हे, आणि हें आपल्या शहरांत तरी मला अधिक बळानें सांगावेंसें वाटतें. मिस सिंथिया फरार १८२७ मध्यें अमेरिकेहून मुंबईस आल्या, आणि १८३९ पासून १८६२ मध्यें मृत्यु येईपर्यंत येथें, अहमदनगरांत (आजच्या अहिल्यानगरांत), मुलींच्या शाळा चालवीत राहिल्या. त्या शाळा पाहून जोतीराव फुले पुण्यास परतले, आणि १८४८ मध्यें बुधवार पेठेंतील भिडे वाड्यांत त्यांनीं मुलींची शाळा काढली. तेथें शिकविणाऱ्या सावित्रीबाई त्या वेळीं सतरा वर्षांच्या होत्या. आज आपल्याकडे येणाऱ्या छात्राध्यापिकांहूनही लहान! पुतळे आणि तसबिरी पाहून पाहून आपण हें विसरतों कीं, सावित्रीबाईंचाही एक पहिला दिवस होता, पहिला तास होता, आणि समोर बसलेल्या मुली कोणाच्या तरी लेकीच होत्या. त्या मुलींस शाळेंत पाठविणाऱ्या आईबापांनीं लोकनिंदा सोसली. शिक्षिका अनुभवी आहे कीं नाहीं, हा प्रश्न त्यांनीं अगोदर विचारला असता तर शाळा निघालीच नसती. पुढें १८८२ मध्यें हंटर आयोगापुढें निवेदन करतांना जोतीरावांनीं प्राथमिक शाळांचे शिक्षक शिकून तयार झालेले असावेत, आणि ते होतां होईल तों शेतकरी वर्गांतून घ्यावेत, अशी मागणी केली. शिकून तयार झालेले शिक्षक हवेत, तर ते कोठेंतरी शिकून तयार व्हावे लागणार.

तें कोठें, हा प्रश्न आज फार निकडीचा आहे. २०१० नंतर महाराष्ट्रांत शिक्षकभरती दीर्घकाळ रखडली. पदविका घेतलेलीं मुलें पात्रता-परीक्षा देत देत वयानें वाढलीं, आणि गांवोगांवचीं कितीतरी अध्यापक विद्यालयें विद्यार्थ्यांवांचून बंद पडलीं. एके काळीं हुशार मुलगी ‘डी. एड.’ला गेली म्हणजे घरांत पेढे वांटीत. आज तीच मुलगी तिकडे जाऊं म्हणाली तर आईबाप तिला समजावून परत आणतात. तरीही ज्या थोड्या मुली हा मार्ग धरतात त्यांतील एकीनें आपल्या तिसरीच्या वर्गांत बसून नकाशावर ठिपके मांडले. अशा मुलीस चांगली शाळा बंद आणि जेथें कोणी विचारणारा नाहीं तेवढी शाळा उघडी, असें आपण करूं लागलों तर ती शिकवावयाचें काय शिकेल? आणि चार वर्षांनीं ती शिक्षिका होऊन कोणाच्या मुलांपुढें उभी राहील? ज्यांच्या आईबापांस अर्ज लिहितां येत नाहीं, त्यांच्याच.

हायस्कुलांतील मुलांनो, तुमच्याशीं थोडें बोलणें राहिलें आहे. सरावपाठांच्या दिवसांत तुमच्यापैकीं कित्येकांच्या अंगांत जो उत्साह संचारतो तो मीं पाहिला आहे. नवख्या बाईंचा कांपरा आवाज काढून दाखविणें, फळ्याखालचा खडू लपविणें, ‘बाई, पुढला शब्द चुकला’ असें एकदम पांच जणांनीं म्हणणें. आठवीच्या एका वर्गांत तर बाईंचें टाचणच बांकाखालीं गेलें होतें, आणि तास संपेपर्यंत तें कोणास ‘सांपडलें’ नाहीं. त्या बाईंनीं तो तास टाचणावांचून घेतला, आणि बरा घेतला, हें मात्र तुम्हांपैकीं कोणी घरीं सांगितलें नसेल. तुमच्यातल्या कोणाला पुढें शिक्षक व्हावेंसें वाटलें तर तुमचाही एक असा तास असणार आहे, आणि समोर तुमच्यासारखींच मुलें.

समितीपुढें मी पुढील गोष्टी मांडणार आहें, आणि त्या पालकांस आगाऊ कळाव्यात अशी माझी इच्छा आहे. छात्राध्यापिका वर्गांत असेल तोंपर्यंत वर्गशिक्षिकेनें वर्गांतच बसावें. तिला त्या सहा आठवड्यांत कार्यालयाचें कोणतेंही काम देऊं नये. एकाच छात्राध्यापिकेस सहाही आठवडे एकच वर्ग द्यावा. आज तिसरी, उद्यां पांचवी, असें फिरवूं नये, कारण नकाशावरचा रिकामा चौकोन एका दिवसांत दिसत नाहीं. परीक्षेच्या पाठाची तालीम आपल्या मुलांवर करूं देऊं नये, आणि तसें विद्यालयास लेखी कळवावें. त्यामुळें एखाद्या पाठाला गुण कमी पडले तर पडोत. शनिवारचीं टिपणें परीक्षकांनींही वाचावींत, अशी विनंति विद्यालयास करावी. ती ते मान्य करतील असा मला फारसा भरंवसा नाहीं, पण करून पाहावयास हरकत नाहीं.

पुढील तुकडी जुलै महिन्यांत येईल. समितीनें अर्ज फेटाळला, तर दर शुक्रवारीं तिसरीच्या वर्गांतील मागील बांकावर दोन पालकांसाठीं जागा ठेवावी, असें मीं मुख्याध्यापिकाबाईंस सुचविलें आहे, आणि त्यांनीं तें मान्य केलें आहे. नांवें कार्यालयांत आठ दिवस आधीं द्यावींत. बैठकीच्या नकाशाचा कोरा कागद शाळा देईल. पेन्सिल घरून आणावी.